बंद फुलाचा घेवडा

सातारच्या मंडईत श्रावणात घेवडा मागितला, तर पुढ्यात हिरव्या कोवळ्या शेंगा येतात. दिवाळीच्या सुमारास भुसार दुकानात तोच घेवडा मागितला, तर दुकानदार पोत्यात हात घालून फिकट अंगावर तांबडे पट्टे असलेले सुके दाणे दाखवतो. त्या शेंगांना पुण्या-मुंबईत फरसबी म्हणतात आणि दाण्यांना दिल्लीत राजमा. नावे वेगळी, गिऱ्हाइके वेगळी, भाव वेगळे. वनस्पती मात्र एकच. तिचे शास्त्रीय नाव फेझिओलस व्हल्गॅरिस. शेंग कोवळी असताना खुडली की भाजी, झाडावरच वाळू दिली की कडधान्य. भाजीसाठी मांसल आणि कमी शिरांची शेंग देणारे वाण निवडले गेले, दाण्यासाठी पातळ सालीची आणि झोडपल्यावर सहज फुटणारी शेंग देणारे. फरक एवढाच.

याच्या उलट गोंधळही तितकाच मोठा आहे. वालघेवडा, वालपापडी, पावटा ही मंडळी नावाने आणि शेंगेच्या रूपाने घेवड्याची सख्खी वाटतात, पण त्यांची जात निराळी, प्रजातीही निराळी. ती लॅबलॅब पर्प्युरियस. हा वाल आपल्याकडे फार जुना आहे. दख्खनमधल्या नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननात त्याचे जळके दाणे मिळाले आहेत. ज्याला आज आपण घेवडा म्हणतो तो या भूमीवर गेल्या काही शतकांत आला. नवी शेंग दिसली तेव्हा लोकांनी तिला ओळखीच्या शेंगेच्या घरात घेतले. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला जत तालुक्यात मराठीबरोबर कन्नडही घरोघरी बोलली जाते. त्या कन्नडमध्ये फरसबीला हुरुळीकायी म्हणतात आणि तिंगळवरे असेही म्हणतात. हुरुळी म्हणजे हुलगा, अवरे म्हणजे पावटा. म्हणजे तिथेही नव्या पाहुण्याची ओळख जुन्या पिकांवरूनच करून दिली गेली. गुजरातीत ती फणसी झाली.

युरोपातही हेच झाले होते. रोमन लोक ज्या कडधान्याला फेझिओलस म्हणत, ती आपली चवळी किंवा तिची जवळची भावंडे असावीत असे अभ्यासक मानतात. अमेरिका त्यांना ठाऊकच नव्हती. कोलंबसानंतर अमेरिकेतून नवी शेंग आली आणि चवळीचे नाव तिला चिकटले. कार्ल लिनियसने १७५३ साली ‘स्पीशीज प्लान्टारम’ या ग्रंथात तेच नाव कायम केले आणि या वनस्पतीचे मूळ ठिकाण म्हणून चक्क ‘इंडिया’ असे लिहून ठेवले. ही चूक सव्वाशे वर्षे टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेरू देशात आंकोन येथील प्राचीन दफनभूमीत मृतांसोबत पुरलेले दाणे सापडले. लुडविग विटमाक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ते तपासले आणि घेवडा अमेरिकेचा असल्याचा पुरावा उभा राहिला.

मग घेवडा ओळखायचा कसा? शेंग फसवते, दाणा फसवतो. फूल फसवत नाही. शेंगवर्गीय फुलाला पाच पाकळ्या असतात: वर एक मोठी ध्वज-पाकळी, बाजूला दोन पंख, आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली नौका. पुंकेसर आणि कुक्षी या नौकेत झाकलेले असतात. घेवड्यात ही नौका सरळ नसते. तिचे टोक शंखासारखे एक-दोन पूर्ण वळसे घेते. पावट्याची नौका काटकोनात वर वळते, वळसा घेत नाही. बांधावर उभे राहून साध्या डोळ्यांनी हा फरक दिसतो, भिंग लागत नाही. पंख-पाकळ्या हलकेच बाजूला केल्या की झाले.

थोडी सावधगिरी मात्र हवी. मूग, उडीद, मटकी यांच्या नौकाही वळलेल्या असतात, आणि म्हणूनच जुन्या पुस्तकांत ही सारी पिके फेझिओलस या एकाच प्रजातीत घातलेली दिसतात. थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ पूर्ण केला, तो वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. १९७० नंतर बर्नार्ड व्हर्डकोर्ट आणि इतर संशोधकांनी फुलांची व परागकणांची बारकाईने तुलना करून आशिया-आफ्रिकेतली ही मंडळी विग्ना या प्रजातीत हलवली. फेझिओलसमध्ये फक्त अमेरिकेची प्रजा उरली: आपला घेवडा आणि बाजारात डबल बी म्हणून मिळणारा त्याचा मोठ्या, चपट्या दाण्याचा भाऊ. विग्नाच्या रानटी नातलगांपैकी एक, विग्ना व्हेक्सिलाटा, पावसाळ्याच्या अखेरीस कास पठारावर फुलतो. त्याचे जांभळट फूल आणि कोरेगावच्या शेतातले घेवड्याचे फूल एकाच आठवड्यात पाहण्याची सोय सातारा जिल्ह्यात आहे. ही संधी प्रत्येक वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने साधावी असे मला वाटते.

जागतिक आकडेवारीलाही हा नावांचा गोंधळ सोडत नाही. सुक्या ‘बीन्स’च्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर असल्याचे तक्ते वाचायला मिळतात. त्यात आपला मूग, उडीद आणि मटकी मिळवलेली असते. खऱ्या घेवड्याचा त्यातला वाटा लहान आहे, आणि तो सर्वत्र पिकतही नाही. हिमालयाच्या उतारांवर तो उन्हाळी-पावसाळी पीक, उत्तरेच्या मैदानात थंडीतले, आणि महाराष्ट्रात खरिपातले, तेही थोड्या पट्ट्यात.

घेवड्याला माणसाने दोनदा माणसाळवले, हे या वनस्पतीचे मोठे वैशिष्ट्य. रानटी घेवडा मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेला आहे. मेक्सिकोकडचा आणि अँडीज पर्वताकडचा असे त्याचे दोन गट लाखाहून अधिक वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी दोन्हीकडच्या लोकांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, आपापल्या गटातून पीक घडवले. २०१४ साली घेवड्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा या दोन स्वतंत्र प्रवासांच्या खुणा त्यात स्पष्ट दिसल्या. मेक्सिकोकडचे दाणे साधारणपणे लहान, अँडीजकडचे मोठे. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी निवडले ते मात्र सारखेच: मोठा दाणा, लवकर उगवण, आटोपशीर झाड, आणि वाळल्यावर पीळ खाऊन न फुटणारी शेंग. रानटी शेंग वाळली की तिचे दोन भाग आवळून पिळतात आणि दाणे दूर भिरकावतात. त्या पिळाला लागणारे तंतू म्हणजे आपण भाजी निवडताना काढतो त्या शिरा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅल्विन कीनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बिनशिरांचे वाण तयार केले. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फरसबीमागे त्या प्रकारची निवड आहे. गावठी श्रावणघेवड्याच्या शिरा अजून काढाव्याच लागतात, आणि चवीसाठी तो त्रास घेणारी माणसे अजून आहेत.

आता शेतात जाऊ. सातारा जिल्ह्यात पश्चिमेकडे महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेकडे माण-खटावला पाचशे मिलिमीटरची वाट पाहावी लागते. या दोन टोकांच्या मध्ये उत्तर कोरेगाव आहे: वाठार स्टेशन, देऊर, पिंपोडे बुद्रुक, सोनके, वसना नदीचे खोरे आणि भोवतीच्या डोंगररांगा. घेवड्याला नेमके असेच मधले हवामान लागते. पंधरा ते पंचवीस अंशांच्या आसपास तो खुलतो, तिशीच्या वर पारा गेला की फुले गळतात. जमिनीत पाणी साचले तर मुळे गुदमरून झाड पिवळे पडते, म्हणून चिकण, निचरा नसलेली काळी जमीन त्याला मानवत नाही. मध्यम, निचऱ्याची जमीन, भुरभुर पाऊस, ढगाळ थंड दिवस आणि दाणा भरल्यावर उघडीप, हे सगळे या खोऱ्यात जून ते सप्टेंबर एका ओळीत मिळते. मृगाच्या पावसावर वाफसा आला की पेरणी, श्रावणात शेंगा, आणि अडीच-तीन महिन्यांत झाडे उपटून खळ्यावर. मोकळ्या झालेल्या रानात रब्बी ज्वारी किंवा हरभरा घेता येतो. कोरडवाहू शेतकऱ्याला ही सोय फार मोलाची.

घेवड्याची उगवण पाहण्यासारखी असते. हरभरा किंवा वाटाणा उगवतो तेव्हा त्याच्या डाळिंब्या मातीतच राहतात. घेवड्यात मात्र खोडाचा खालचा भाग आकड्यासारखा वाकून वर येतो आणि जाड डाळिंब्यांना मातीबाहेर खेचून काढतो. म्हणूनच पेरणीनंतर जमिनीवर कडक पापडी धरली तर निम्मी उगवण वाया जाते. डाळिंब्या वर ओढताना मान मोडते. पहिली दोन पाने साधी, हृदयाकृती. तिसऱ्यापासून प्रत्येक पान तीन दलांचे. पानाच्या देठाशी फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशींतले पाणी कमी-जास्त होऊन पाने दिवसा आडवी पसरतात आणि रात्री खाली मिटतात. पान कापडावर ठेवले तर चिकटते. चिकट पदार्थ कसलाही नाही, पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म आकड्यांचे केस आहेत. बाल्कन देशांत पूर्वी रात्री अंथरुणाभोवती ही पाने पसरत आणि सकाळी त्यात अडकलेले ढेकूण जाळून टाकत. २०१३ साली अमेरिकी संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा हे आकडे ढेकणाच्या पायांत थेट घुसतात असे दिसले.

कडधान्य म्हटले की मुळांवर गाठी आणि हवेतला नत्र, हे आपण शाळेपासून ऐकतो. घेवडा याबाबतीत आळशी आहे. त्याच्या पूर्वजांच्या मातीत असलेले रायझोबियम जिवाणू आपल्या मातीत पुरेसे नसतात, आणि असले तरी झाड अल्पायुषी असल्याने गाठी भरात येईपर्यंत पीक संपत येते. भुईमुगाला चालते तेवढ्या खतावर घेवडा चालत नाही. सुधारित राजम्याला हेक्टरी शंभर किलोच्या वर नत्राची शिफारस होते. गाठींच्या भरवशावर राहून घेवड्याची उपासमार करणे हे पीक फसण्याचे एक साधे कारण आहे.

सांगलीकडे घेवडा वेगळ्या रूपात भेटतो. हळदीची लागण झाली की पहिले दोन-तीन महिने तिची वाढ मंद असते आणि सरीतली जागा मोकळी राहते. त्या काळात घेवडा पेरून हळद डोक्यावर येण्याआधी काढून घ्यायचा, ही पद्धत कृष्णाकाठी रुळलेली आहे. मुख्य पीक नऊ महिन्यांनी पैसे देणार, आंतरपीक श्रावणातच हातखर्च देते.

स्वयंपाकघरात घेवड्याबद्दल एक गोष्ट प्रत्येकाला माहीत असायला हवी. कच्च्या सुक्या घेवड्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. तांबड्या राजम्यात ते सर्वाधिक. चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. उपाय सोपा आहे: दाणे रात्रभर भिजवावेत, ते पाणी टाकून द्यावे, आणि नव्या पाण्यात खळखळून उकळावेत. कुकरमध्ये शिट्या घेतल्या की प्रश्नच उरत नाही. धोका आहे तो अर्धवट उष्णतेत. ऐंशी अंशांच्या आसपास दाणे मऊ होतात पण प्रथिन मोडत नाही, उलट त्याची बाधा वाढल्याचे आढळले आहे. त्यामुळे सौरचुलीत किंवा मंद आचेच्या विजेच्या भांड्यात घेवडा शिजवायचा असेल तर आधी तो चुलीवर उकळून घ्यावाच. आणि मटकीसारखे मोड आणून कच्चे खाण्याच्या वाटेला घेवड्याच्या बाबतीत कधीही जाऊ नये.

याच प्रथिनाने वैद्यकाची मोठी सेवा केली. ते तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करते, म्हणून प्रयोगशाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायला वापरत. १९६० साली पीटर नोवेल यांच्या लक्षात आले की हे प्रथिन पांढऱ्या पेशींना विभाजनाला प्रवृत्तही करते. पेशी विभागत असतानाच गुणसूत्रे नीट दिसतात. त्यामुळे साध्या रक्ताच्या नमुन्यावरून माणसाची गुणसूत्रे तपासणे शक्य झाले. रुग्णालयांत आजही गुणसूत्रांच्या तपासणीसाठी घेवड्यातला हा पदार्थ वापरला जातो.

कोरेगावकडच्या तांबड्या पट्ट्यांच्या घेवड्याला वाघ्या म्हणतात. शिजताना वाघ्याचे पट्टे नाहीसे होतात. सालीतले रंगद्रव्य पाण्यात उतरते आणि दाणा एकरंगी होतो. म्हणून त्याची आमटी कांदा-लसूण मसाल्याच्या तांबड्याखाली आणखी एक गडद, मातकट रंग घेऊन येते. पातळ सालीमुळे दाणा लवकर शिजतो, आणि थोडे दाणे पळीने ठेचले की आमटीला वेगळे वाटण न घालता दाटपणा येतो. बाजरीच्या भाकरीशी ही आमटी जेवल्याशिवाय उत्तर कोरेगावचा पावसाळा पुरा होत नाही असे तिकडची माणसे म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

वाघ्याचे हे पट्टे पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे, याचे उत्तर पुन्हा त्या वळलेल्या नौकेत आहे. घेवड्याचे फूल उमलण्याआधीच, नौका बंद असताना, त्याचे परागकण त्याच फुलाच्या कुक्षीवर पडलेले असतात. सकाळी मधमाशी येते तोवर काम उरकलेले असते. परपरागीभवन होते, पण फारच थोडे. त्यामुळे शेजारच्या वावरात दुसरा वाण असला तरी आपल्या घरच्या बियाण्यात सहसा भेसळ होत नाही. मका किंवा बाजरीचे घरचे बी काही हंगामांत बदलून जाते. घेवड्याचे तसे होत नाही. वर्षानुवर्षे खळ्यावरून निवडलेले बी पुढच्या मृगात पेरणाऱ्या शेतकरी कुटुंबांनी वाघ्या जपला. त्यांनी तो जपावा अशी सोय फुलानेच करून ठेवली होती.

विज्ञानानेही या बंद फुलाचा फायदा घेतला. ग्रेगॉर मेंडेलचे नाव वाटाण्याशी जोडलेले असले, तरी १८६६ च्या त्याच प्रसिद्ध निबंधात त्याने घेवड्याचे संकरही वर्णन केले आहेत. पुढे डेन्मार्कमध्ये विल्हेल्म योहानसन यांनी बाजारातून घेतलेल्या घेवड्याचे एकेका दाण्यापासून वेगवेगळे वंश वाढवले. एका वंशातला मोठा दाणा पेरा की लहान दाणा, पुढच्या पिढीची सरासरी तीच येते. पण दोन वंशांत फरक कायम राहतो, असे त्यांनी १९०३ मध्ये दाखवले. दाण्याचा आकार खत-पाण्याने बदलतो, वंश बदलत नाही. या कामातूनच पुढे १९०९ मध्ये त्यांनी ‘जीन’ हा शब्द रूढ केला.

योहानसन यांचा हा शोध कोरेगावच्या खळ्यावर थेट लागू पडतो. पिकलेल्या ढिगातून टपोरे, ठळक पट्ट्यांचे दाणे बियाण्यासाठी काढायचे ही सर्वसाधारण रीत आहे. ती चांगली आहे, पण अपुरी. टपोरा दाणा चांगल्या झाडाचा असेल किंवा नुसत्या चांगल्या जागेवरच्या झाडाचा. आणि पट्टे तर सालीवर असतात. साल ही मातृवृक्षाची, आतल्या गर्भाची नव्हे. क्वचित मधमाशीने परका पराग आणलाच, तर त्या संकरित दाण्यावरही आईचेच पट्टे दिसतात. भेसळ डोळ्यांना दिसते ती एक पिढी उशिरा.

२०१६ साली कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले. संयुक्त राष्ट्रांनी कडधान्य वर्ष म्हणून घोषित केलेले तेच वर्ष. मंगळवेढ्याची ज्वारी आणि सांगलीचा बेदाणा यांची नोंदही त्याच सुमारास झाली. मानांकनामुळे दुसरीकडचा माल वाघ्या म्हणून विकायला कायद्याने आडकाठी आली, आणि हे योग्यच झाले. पण बाजारातली खरी स्पर्धा नावाशी नाही, रानाशी आहे. ज्या वावरात घेवडा होत असे तिथे आता सोयाबीन आहे, पाणी आले तिथे आले आणि कांदा आहे. सोयाबीनला हमखास गिऱ्हाईक आहे, यंत्राने मळणी आहे. घेवड्याच्या काढणीला ऐन वेळी पाऊस आला तर दाणा शेंगेतच डागाळतो आणि भाव कोसळतो.

घरच्या बियाण्यालाही एक दुबळी बाजू आहे. घेवड्याचा मोझॅक विषाणू आणि करपा हे दोन्ही रोग बियाण्यातून पुढच्या हंगामात जातात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘वरुण’ हे वाण दिले ते अशा रोगांना तोंड देऊ शकेल म्हणून. दाण्याचे पोते हवे असेल तर वरुण पेरावा. वाघ्या हवा असेल तर बियाणे शेतातच, झाड उभे असताना निवडावे. शेंगा भरत आल्या की ओळीतून फिरून निरोगी, भरघोस शेंगांच्या झाडांना सुतळी बांधावी. ज्यांची पाने आक्रसलेली, चट्टेरी, खाली मुडपलेली आहेत ती झाडे फुलोऱ्याआधीच उपटून बांधाबाहेर न्यावीत. सुतळीची झाडे वेगळी वाळवावीत, वेगळी झोडपावीत, आणि काळे डाग असलेला प्रत्येक दाणा सुपातून काढून टाकल्यावरच बी डब्यात भरावे.